भाकरीचे पुन्हा पीठ

आमच्या घरात शाळेची पुस्तके सोडली तर पुस्तक म्हणावे असे एकच. ते आमच्या मामंजींनी लिहिलेले. ‘विहिरीची वही’ असे त्याचे नाव. माण तालुक्यातल्या आमच्या रानात १९७२ च्या दुष्काळात विहीर कशी पाडली, किती परसावर मुरूम लागला, किती परसावर काळा दगड, सुरुंग कुठे फुसका गेला, पाणी कुठल्या अंगाने आले, हे सगळे त्यांनी वहीत मांडून ठेवले होते. पुढे २००३ साली दोन शेळ्या विकल्या, तालुक्याच्या गावी एका दुकानात वही जुळवून घेतली आणि शंभर प्रती छापल्या. पाने एकशे बारा. पाहुण्यारावळ्यांना, शाळेला, सोसायटीत ज्याला त्याला वाटल्या. २००९ साली मामंजी गेले.

गेल्या पावसाळ्यात माळवद गळायला लागले म्हणून ट्रंक खाली काढली, तर वाळवीने आपले काम केलेले. एक प्रत तेवढी हाताला लागली आणि तिचीही शेवटची पंधरावीस पाने चाळण झालेली. पाहुण्यांकडे विचारले तर कुणाची प्रत घर बांधताना गेली, कुणाची रद्दीत.

ही गोष्ट आत्याबाईंपासून लपवून ठेवावी असे आमचे ठरले होते. पण ऐंशी उलटलेल्या सासूपासून घरात काय लपते? त्या म्हणाल्या, “आणा हिकडं. माजं मी वाचते.”

आता आत्याबाईंचे वाचणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. १९७८ साली सरकारने प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम काढला, त्यानंतर आमच्या गावीही रात्रीचा वर्ग सुरू झाला. पण आत्याबाईंना खरे शिकवले मामंजींनी, चुलीपुढे, राखेत बोट फिरवून. नवऱ्याने लिहिलेले पुस्तक त्यांनी छापून आले तेव्हा अक्षर अक्षर लावून वाचले होते. पुढे मोतीबिंदू झाला, तो काढला. आता डोळ्याच्या पडद्याचाच आजार आहे. वयाने होतो, म्हणतात डॉक्टर. कडेचे दिसते आणि मधले पुसट होते. अक्षर बोराएवढे असेल तर वाचता येते, पुस्तकातले येत नाही. आणि हे किती दिवस राहील याचा भरवसा नाही, असेही डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले होते.

मी म्हटले, आत्याबाई, मी वाचून दाखवते. त्या म्हणाल्या, “तू वाचलंस तर तुजा आवाज ऐकू येतुया. त्येंचा न्हाई.” यावर मी काय बोलणार!

थोरला लेक पुण्याला असतो. त्याने दिवाळीला एक किंडल आणून दिले. पाटीएवढेही नाही, तळहाताहून थोडे मोठे, पडदा कागदासारखा. मोबाईलसारखा डोळ्यांत उजेड मारत नाही, आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. आणि देव पावला म्हणायचा, मामंजींच्या कपाटात त्या दुकानदाराने दिलेली सीडी निघाली. सीडीवर दोन फायली. एक पेजमेकरची, म्हणजे ज्यात पाने लावली ती. ती आमच्या धाकटीच्या लॅपटॉपवर उघडेचना. दुसरी पीडीएफ. ती उघडली, आणि वाळवीने खाल्लेल्या पानांसकट सगळे पुस्तक जसेच्या तसे समोर उभे राहिले. मला तर भरून आले. धाकटीने लगेच ती किंडलवर चढवली.

आत्याबाईंनी यंत्र नाकाजवळ नेले, लांब धरले, उजेडाकडे केले. म्हणाल्या, “हे तर मुंगीचं पाय.”

चूक आमची होती. आमचे पुस्तक चौदा सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस उंच. यंत्राचा पडदा जेमतेम नऊ बाय बारा. पीडीएफ आपले पूर्ण पानच्या पान त्या पडद्यात कोंबते, मग छापलेले बारा पॉइंटचे अक्षर सात पॉइंटचे होऊन बसते. बोटांनी मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर पळते. ती वाचायला पान उजवीकडे ओढा, पुन्हा डावीकडे ओढा. चांगल्या डोळ्यांचा माणूसही दोन पानांत कंटाळेल.

धाकटी कराडला कॉम्प्युटर शिकते. तिने मला समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते. पीडीएफ म्हणजे भाजलेली भाकरी. ज्या आकाराची थापली, त्या आकाराची ती राहणार. कुठलेही अक्षर पानावर कुठे बसवायचे ते आधीच ठरून गेलेले. छापखान्याला हेच हवे असते. पण वाचायच्या यंत्राला हवे असते पीठ. ते पिठासारखे मोकळे पुस्तक घेते आणि ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे, म्हणजे ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे, लहानमोठी भाकरी तिथल्या तिथे थापून देते. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप मोडून खाली येतात, पाने वाढतात. अशा मोकळ्या पुस्तकाच्या रूपाला ईपब म्हणतात.

ईपब काही गूढ नाही बरे का. धाकटीने एका ईपब फाईलच्या नावाचे शेपूट बदलून झिप केले आणि पिशवी उघडावी तशी ती उघडून दाखवली. आत एकेका प्रकरणाचे एकेक पान, वेबसाईटचे असते तसल्याच भाषेत, मथळा कसा दिसावा, परिच्छेद कसा दिसावा एवढे सांगणारी एक फाईल, चित्रे, आणि कशानंतर काय वाचायचे त्याची यादी. बस्स. एवढाच संसार.

“मग आपल्या भाकरीचं पीठ कर की,” मी म्हटले.

“आई, भाकरीचं पीठ होतं का कधी?” ती हसून म्हणाली. पण बसली खरी.

यासाठी कॅलिबर नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. कोविद गोयल नावाच्या गृहस्थांनी २००६ साली सोनी कंपनीचे एक वाचनयंत्र निघाले तेव्हा त्याच्यासाठी म्हणून तो लिहायला घेतला, आणि २००८ पासून त्याला कॅलिबर हे नाव मिळाले. आज तो या यंत्राचे पुस्तक त्या यंत्राला चालेल असे करून देतो आणि घरची सगळी पुस्तके नीट लावूनही ठेवतो. धाकटीने पीडीएफ त्यात घातली, ईपब मागितले. दोन मिनिटांत तयार. उघडले, तर एकही मराठी अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, मधेच फुल्या. विहिरीऐवजी नुसता चिखल.

मला वाटले सीडी खराब. तसे नव्हते. त्या काळी दुकानातून मराठी जुळवायचे ते एक प्रकारचे सोंग होते. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असायची. फक्त फाँट असा बनवलेला की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचे चित्र दिसावे. फाँट बरोबर आहे तोवर सोंग वठते. कॅलिबरने मजकूर उपसून बाहेर काढला, फाँट मागे राहिला, आणि सोंग उघडे पडले. त्यातून प्रत्येक कंपनीच्या फाँटचे सोंग वेगळे. आता युनिकोड आहे, त्यात आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा पक्का क्रमांक आहे. ‘क’ म्हणजे २३२५, मग तो सातारला लिहा नाहीतर सिंगापूरला. पण २००३ साली आमच्या तालुक्यातल्या दुकानदाराला ते कोण सांगणार! त्याने आपले काम चोख केले होते, त्याला मी दोष देत नाही.

पीडीएफच्या माहितीत आतल्या फाँटचे नाव लिहिलेले असते. ते नाव कळले की त्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने इंटरनेटवर सापडतात. धाकटीने ते केले. चिखल निवळला आणि खाली मराठी दिसू लागले. पण गढूळ होतेच. ऱ्हस्व इकार आपण लिहितो आधी आणि उच्चारतो नंतर. जुना फाँट तो दिसतो तसा अक्षराच्या आधी ठेवायचा, युनिकोड त्याला अक्षरानंतर ठेवतो. तेव्हा पालटताना प्रत्येक वेलांटी उचलून पुढे नेऊन बसवावी लागते. रफाराचेही तेच. ‘शेतकऱ्या’तला तो अर्धा र तर सगळीकडे गळून पडलेला, पानोपान ‘शेतकया’. त्यात पीडीएफमधली प्रत्येक ओळ सुटी होऊन आलेली, ओळीच्या टोकाला मोडलेले शब्द मोडलेलेच, आणि पानाच्या डोक्यावरचे पुस्तकाचे नाव व तळाचा आकडा वाक्यात घुसलेला. ‘त्या दिवशी आम्ही ४७ विहिरीची वही सहा परस खाली गेलो’ असे वाचून आम्ही मायलेकी पोट धरून हसलो.

हसून झाल्यावर मात्र एकशे बारा पाने निवडायला बसलो. यंत्र इथवरच आणून सोडते. पुढे तांदळासारखे हाताने निवडावे लागते. दिवसा रानातले काम, रात्री जेवणे उरकली की बसायचे. धाकटी पडद्यावर वाचणार, मी वाळवीतून वाचलेले पुस्तक हातात घेऊन ताडून बघणार. आमचे हे खाटेवरून म्हणायचे, “विहीर पाडायला एवढा वेळ लागला नव्हता.” दीड महिना गेला. पण खरे सांगते, लग्न होऊन बत्तीस वर्षे झाली, मामंजींचे पुस्तक मी नीट असे या दीड महिन्यातच वाचले. दुष्काळात आलेला तांबडा मिलो, सुकडी, खडी फोडायला गेलेली सगळी आळी, हे मी ऐकून होते. पण मामंजींना विहिरीच्या तळाशी एकटे उतरायची भीती वाटायची हे कुणी सांगितले नव्हते.

मजकूर स्वच्छ झाल्यावर बाकीचे काम सोपे. प्रकरणांचे मथळे मथळे म्हणून खूण करून ठेवायचे. नुसते अक्षर जाड करून भागत नाही, नाहीतर अनुक्रमणिका बनत नाही. मग ती फाईल कॅलिबरमध्ये घातली की ईपब तयार.

आता नवीनच पेच. ईपब किंडलवर केबलने ठेवले तर ते दिसेना! २००७ साली सप्टेंबरात ईपब हे सगळ्यांसाठीचे माप म्हणून ठरले, आणि त्याच साली नोव्हेंबरात अमेरिकेत किंडल निघाले ते आपले माप वेगळे घेऊन. ते माप मोबीपॉकेट नावाच्या फ्रेंच कंपनीचे. ॲमेझॉनने ती कंपनी २००५ सालीच विकत घेतली होती. पूर्वी या पेठेची पायली त्या पेठेत चालत नसे, तशातलाच प्रकार. त्या जुन्या मापाला मोबी म्हणतात. पुढे २०११ साली त्याच्यापेक्षा चांगले, एझेडडब्ल्यू ३ नावाचे आले. २०२२ पासून किंडलच्या टपालाने, म्हणजे ईमेलने वगैरे, ईपब पाठवले तर ते घेतात, पण पोचेपर्यंत त्याचे आपल्या मापात रूपांतर करून. आमच्याकडे रेंजचा पत्ता नाही, म्हणून धाकटीने कॅलिबरमधूनच एझेडडब्ल्यू ३ करून केबलने घातले. पीठ मोकळे असल्यावर या मापातून त्या मापात ओतायला दोन मिनिटे पुरतात. कष्ट होते ते भाकरी कुस्करण्यात.

नणंदबाईंची लेक कॅनडात असते, तिच्याजवळ कोबो नावाचे यंत्र. ते ईपब सरळ घेते म्हणून तिला तसेच पाठवले, तर तिच्या पडद्यावर नुसते रिकामे चौकोन. तिच्या यंत्रात मराठी फाँटच नव्हता. मग मुक्ता नावाचा फाँट फाईलच्या आतच बसवून पाठवला. हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला आणि कुणालाही वापरायला मोकळा आहे. अक्षरे आली, पण वेलांट्या भलतीकडे. शेवटी कोबोचे स्वतःचे एक रूप असते, केपब म्हणून. ते यंत्र तसली फाईल दाखवताना आत वेगळी यंत्रणा वापरते. तसे करून दिल्यावर पोरीचा फोन आला, “मामी, आजोबांचं पुस्तक विमानात वाचलं.” थोरल्याने तेच ईपब मोबाईलवर उघडले. एक पीठ, तीन तवे.

एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण शेजारच्या गुरुजींनी मला विचारले होते. दुकानातून विकत घेतलेले ई-पुस्तक बहुधा कुलूपबंद असते. ते कॅलिबरने असे पालटता येत नाही, आणि कुलूप फोडून पालटू नये. विकत घेतले असे आपण म्हणतो, पण मिळतो तो वाचायचा परवाना. किंडलसाठी घेतलेली पुस्तके फाईल म्हणून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. मला हे काही पटत नाही. बी विकत घ्यावे आणि कुठल्या वाफ्यात टाकायचे ते दुकानदाराने ठरवावे, असे झाले. तेव्हा आपल्या घरचे, आपल्या हक्काचे जे लिखाण असेल ते तरी मोकळ्या रूपात ठेवावे. ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षे उलटली त्याच्या पुस्तकावरचा हक्क आपल्या देशात संपतो. तसली जुनी पुस्तके मराठी विकिस्रोतावर आहेत आणि तिथून ती ईपब करून उतरवता येतात. गुरुजी आता त्यातच रमलेत.

तर, एका सोमवारी दुपारी आत्याबाईंच्या हातात किंडल दिले. अक्षर एवढे मोठे केले की एका ओळीत तीनचार शब्द बसावेत. आधी शब्दांत केवढाल्या फटी पडत होत्या. दोन्ही कडा सारख्या करायची खोड धाकटीने काढून टाकली, तेव्हा ओळ नीट झाली. आत्याबाई मान जरा तिरकी करून, कडेच्या नजरेने, ओठ हलवत वाचू लागल्या. मी भांडी घासता घासता ऐकत होते. पान उलटायचे म्हणून त्या सवयीने बोटाला जीभ लावायच्या. रोज चारपाच पडदे, कधी एकच.

बाराव्या दिवशी त्यांनी हाक मारली. “अगं, हितं काय लिवलंय बघ. ‘मजूर लावून गाळ काढला.’ मजूर कुठनं आणलं ह्येंनी? पैसं हुतं का? मी हुते, धाकल्या जाऊबाई हुत्या आन् वाडीवरच्या दोघी. पाट्या वाहून वाहून डोस्क्याचं क्यास गेलं व्हतं माजं.”

मी जुने पुस्तक काढून पाहिले. तिथेही ‘मजूर’च. पालटताना झालेली चूक नव्हती ती. मामंजींनीच तसे लिहिले होते. आत्याबाईंनी २००३ साली हेच पुस्तक वाचले होते, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. मी विचारले, तेव्हा का नाही सांगितले? म्हणाल्या, “छापलेलं कोण बदलतंय?”

रात्री घरात यावर चांगलीच बाचाबाची झाली. ह्यांचे म्हणणे, वडिलांच्या पुस्तकात हात घालायचा नाही. जे लिहिले ते लिहिले. मला वाटे, आत्याबाईंचे खरे असेल तर ते दुरुस्त व्हावे. फाईल आपल्या हातात आहे, दोन शब्द बदलायला किती वेळ? पण अंथरुणावर पडल्यावर ह्यांचेही पटले. आज मी दोन शब्द बदलले, तर उद्या आणखी कुणी चार बदलेल, आणि मामंजींचे काय राहील? धाकटीनेच तोड काढली. म्हणाली, मजकूर तसाच ठेवू, ‘मजूर’ या शब्दावर बारीक आकडा देऊ. आकड्यावर बोट ठेवले की तळटीप उघडेल. ह्यांनाही ते चालले.

सकाळी आत्याबाईंना म्हटले, सांगा, काय लिहायचे. त्या बराच वेळ अंगणात बघत बसल्या. मग म्हणाल्या, “लिव. मजूर म्हंजी आमी चौघी. रोज कुनालाच न्हवता. दुपारच्याला पानी पुरायचं न्हाई म्हनून आळीपाळीनं प्यायचो.”

चौघींची नावे घालायची असे ठरले. स्वतःचे नाव सांगताना त्या लाजल्या. जाऊबाईंचे सांगितले, वाडीवरच्या एकीचे सांगितले. दुसरीचे नाव काही केल्या आठवेना. “गोरीपान हुती, डाव्या हाताची,” एवढेच. तळटीप धाकटीने लिहून घेतली आहे, चौथ्या नावाची जागा तेवढी मोकळी ठेवली आहे. येत्या बाजाराच्या दिवशी हे वाडीवर जाऊन विचारून येणार आहेत.